अंदाज चुकला की अपेक्षाभंग झाला?

'एक्स्पेक्ट' या इंग्रजी क्रियापदाला मराठीत काय म्हणायचं? शाळेतलं उत्तर तयार आहे: अपेक्षा करणे. हे उत्तर निम्म्या वेळा चुकतं. का चुकतं हे शोधायला गेलं की आपण शब्दकोशातून निघतो आणि माणसामाणसांतल्या देण्याघेण्यात येऊन पोचतो.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, सोलापूरचा. आमच्या ॲपवर दिसणारा सगळा मजकूर एका शीटमध्ये असतो. पहिल्या रकान्यात इंग्रजी, मग हिंदी, मराठी, आणि ब्राझीलमध्येही ग्राहक आहेत म्हणून पोर्तुगीज. मराठी रकाना माझ्याकडे आहे, पण शेजारच्या रकान्यात डोकावायची सवय लागली. तिथे एक गंमत दिसली. 'एक्स्पेक्टेड डिलिव्हरी'समोर पोर्तुगीज भाषांतरकाराने लिहिलं होतं 'एंत्रेगा प्रेविस्ता'. प्रेविस्ता म्हणजे आधी पाहिलेली. 'एक्स्पेक्ट'साठी त्या भाषेतलं रोजचं क्रियापद 'एस्पेरार' आहे, पण त्याने ते टाळलं. कारण एस्पेरारचे अर्थ तीन: वाट पाहणे, आशा करणे आणि अपेक्षा ठेवणे. ते वापरलं असतं तर कंपनीच आपल्या पार्सलची आशेने वाट बघत बसलीय असा वास आला असता!

माझ्या रकान्यात मी 'मिळण्याची अंदाजे तारीख' असं लिहिलं. तपासणाऱ्या सहकाऱ्याचं म्हणणं, 'अपेक्षित तारीख' लिही, ते जास्त बरोबर दिसतं. दिसतं खरं. पण अपेक्षित म्हणजे कुणाला अपेक्षित?

हा प्रश्न माझा नाही, आत्याचा आहे. आजीचं ऑपरेशन झालं तेव्हा दुसऱ्या रात्री तिला ताप भरला. राउंडला आलेले तरुण डॉक्टर शांतपणे म्हणाले, "हे अपेक्षितच आहे." आत्या तडकली. "कुणाची अपेक्षा हाय ही? आमची तर न्हाई." डॉक्टर हसले. म्हणाले, "तसं नव्हे मावशी, म्हणजे ताप येणारच होता." त्यावर आत्या म्हणाली, "येणारच होता हे म्हाईत होतं, तर आदी सांगायचं न्हाई का?"

आत्या सातवीपर्यंत शिकलेली. पण तिने दोन वाक्यांत जे केलं ते करायला मला पुढे बरेच महिने लागले. पहिल्या वाक्यात तिने भाषेची चूक पकडली. मराठीत वाईटाची अपेक्षा करत नाहीत. मृतांचा आकडा वाढण्याची 'भीती' असते, पावसाची 'शक्यता' असते, दरवाढीची 'चिन्हं' असतात. 'अपेक्षा' म्हटलं की तिच्यात इच्छा आलीच. इंग्रजीत ताप, बाळ, पार्सल आणि मंदी सगळं एकाच 'एक्स्पेक्ट'मध्ये बसतं. दुसऱ्या वाक्यात तिने त्याहून मोठी गोष्ट केली: डॉक्टरांची अपेक्षा काढून घेऊन त्यांच्या हातात अंदाज ठेवला, आणि अंदाज ज्याच्याकडे असतो त्याच्यावर तो सांगण्याची जबाबदारी असते, हेही बजावलं.

मूळ पाहिलं तर हे सगळे शब्द डोळ्यांचेच आहेत. लॅटिनमध्ये 'एक्स्पेक्ट'चं मूळ बाहेर बघत राहणं असं आहे. आपल्याकडे 'ईक्ष्' म्हणजे पाहणे, त्यातूनच अपेक्षा, प्रतीक्षा आणि उपेक्षाही. वाट तर आपण पाहतोच. म्हणजे सगळे बघतच आहेत, फक्त बघणाऱ्याचा हक्क किती यात फरक आहे.

तो हक्क उघडा पडतो गोष्ट फसल्यावर. अंदाज 'चुकतो'. अपेक्षेचा 'भंग' होतो. आता हे 'भंग' कुठल्या शब्दांच्या पंगतीत बसतं बघा: वचनभंग, शिस्तभंग, विनयभंग. सगळीकडे कुणीतरी गुन्हेगार आहे. अंदाज चुकला तर चुकणारा मी. अपेक्षाभंग झाला तर करणारा तू. घडलेली गोष्ट तीच, मित्र लग्नाला आला नाही. 'तो येईल असा माझा अंदाज होता' म्हटलं तर मी माझं गणित तपासेन. 'तो येईल अशी अपेक्षा होती' म्हटलं तर मी त्याला फोन करणार नाही.

एलिझाबेथ अँस्कम नावाच्या इंग्रज तत्त्वचिंतक बाईंनी 1957 साली 'इंटेन्शन' या पुस्तकात यासाठी एक सुरेख उदाहरण दिलंय. ते मी आपल्या मधल्या मारुतीला आणून सांगतो. नवरा बायकोने दिलेली यादी घेऊन बाजारात फिरतोय. एक गुप्तहेर त्याच्या मागावर आहे आणि तो जे जे घेतो ते टिपून ठेवतोय. शेवटी दोघांच्या कागदावर शेंगदाणे, लसूण, तिखट हेच लिहिलेलं असू शकतं. पण पिशवीत लसूण निघाला नाही, तर? बायकोच्या यादीशी जुळलं नाही तर चूक पिशवीची, म्हणजे नवऱ्याची. हेराच्या टिपणाशी जुळलं नाही तर चूक टिपणाची. हेर काही नवऱ्याला परत लसूण आणायला पाठवू शकत नाही.

इंग्रजी 'एक्स्पेक्ट'ची सोय ही की हेराचा कागद हातात धरून बायकोच्या आवाजात बोलता येतं. 'यू आर एक्स्पेक्टेड टू जॉइन द कॉल.' सांगणारा कुणी नाही, जणू हवामानाचा अंदाज आहे. पण कॉलला गेलं नाही तर कुणीतरी नक्की असतं. वर्षाच्या शेवटी येणारा शेरा, 'मीट्स एक्स्पेक्टेशन्स', हाही तसाच. तुमच्यापैकी ज्यांची पहिलीदुसरी नोकरी चालू आहे त्यांनी तो वाचला असेल. त्याचं मराठी करून बघा. 'अपेक्षा पूर्ण करतो'. कुणाच्या? कधी सांगितल्या होत्या? मराठीत हे प्रश्न लगेच उभे राहतात, म्हणूनच बहुधा हे फॉर्म मराठीत येत नाहीत.

आमच्या कोडच्या चाचण्यांमध्येही हाच शब्द असतो. चाचणी सांगते: एक्स्पेक्टेड पाच, मिळाले चार. लाल अक्षरं दिसली की नवखा माणूस कोड दुरुस्त करायला धावतो. जुनी मंडळी आधी चाचणी वाचतात. पाच हवेत असं कुणी ठरवलं, कधी ठरवलं, त्यानंतर गरज बदलली का? यंत्राच्या बाबतीत आपण हे सहज करतो. माणसाच्या बाबतीत चाचणी वाचायची पद्धत नाही.

याचा सर्वांत अन्यायकारक नमुना आपल्या म्हणींत आहे. भरवशाच्या म्हशीला टोणगा. म्हशीने कधी वचन दिलं होतं? रेडी होईल हे धरून चालणारे आपण, आणि पिढ्यानपिढ्या बदनाम ती. तिच्या बाजूने मी एवढंच म्हणेन की हा साधा चुकलेला अंदाज आहे. त्याला भंग म्हणायचं तर आधी दोघांत काही ठरलेलं असायला हवं, निदान समोरच्याला माहीत तरी हवं.

पण मराठी फार धुतल्या तांदळासारखी आहे असंही नाही. कर्तव्य आणि तर्क यांची सरमिसळ आपणही करतो. व्याकरणात शिकलेला विध्यर्थ आठवा. 'दिवा लागलाय, म्हणजे तो घरी असावा.' हा तर्क. 'सातनंतर त्याने घरी असावं.' हा हुकूम. क्रियापद एकच. फरक त्या 'ने'चा: तो लागला की माणसावर ओझं येतं. इंग्रजी 'शुड'मध्ये ही खूणही नाही. पोर्तुगीज 'देवे'चंही तेच, तर्क आणि कर्तव्य एकाच शब्दात.

या तीन भाषांच्या मध्ये आयुष्य काढलेला एक माणूस आपल्या इतिहासात होऊन गेला. थॉमस स्टीफन्स. जन्माने इंग्रज, 1579 साली गोव्यात आलेला जेझुइट. त्याने सुमारे 11 हजार ओव्यांचं 'क्रिस्तपुराण' मराठीत लिहिलं, ते 1616 साली राचोलला रोमन लिपीत छापलं गेलं. कोकणीचं व्याकरण मात्र त्याने पोर्तुगीजमध्ये लिहिलं, ते त्याच्या मृत्यूनंतर, 1640 साली आलं. इंग्रजी, पोर्तुगीज, मराठी: माझ्या शीटमधले रकाने त्याच्या एकट्याच्या डोक्यात चाळीस वर्षं होते. आशा हा ज्या धर्मात श्रद्धेच्या शेजारी बसणारा गुण मानतात, त्या धर्माची गोष्ट तो सांगत होता. वाट पाहणं आणि आशा करणं एकाच क्रियापदात असणं त्याला फार सोयीचं वाटत असेल, असा माझा अंदाज. (अपेक्षा नव्हे.)

दुसरा इंग्रज नेल्सन. 21 ऑक्टोबर 1805, ट्रफाल्गरची लढाई सुरू व्हायच्या आधी त्याला निशाणांनी ताफ्याला संदेश द्यायचा होता: प्रत्येक जण आपलं कर्तव्य करील असा इंग्लंडला विश्वास आहे. संदेश पाठवणारा अधिकारी पास्को म्हणाला, 'विश्वास'चा तो शब्द सांकेतिक पुस्तकात नाही, अक्षर अक्षर लावावं लागेल. 'एक्स्पेक्ट्स' आहे, तो घालू का? नेल्सनने होकार दिला. घाई होती. निशाणं वाचली म्हणून भरवशाची अपेक्षा झाली. मरणाच्या तोंडावर उभ्या असलेल्या माणसाला 'तुझ्यावर भरवसा आहे' आणि 'तुझ्याकडून अपेक्षा आहे' यांत काहीच फरक वाटत नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

भरवसाही फार निर्मळ नसतो म्हणा. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा जवळ आली की आई फोनवर म्हणते, "नंदीध्वजाला तू येशीलच." ये असं ती म्हणत नाही. येशील का, असंही विचारत नाही. तो 'च' म्हणजे अंदाज, भरवसा आणि हुकूम यांचं असं मिश्रण आहे की ते कुठल्याच रकान्यात जात नाही. शनिवार-रविवार नसला तरी मी रजा टाकून जातो. पण एकदा मी तिला विचारलंच, "मला गृहीत धरतेस का?" तिला लागलं ते. गणितात 'समजा क्ष बरोबर दोन' म्हटलं तर क्षला काही वाटत नाही. माणूस गृहीत धरला की तो अपमान होतो, आणि गृहीत धरल्याचा आरोप हाही अपमानच. थोड्या वेळाने ती म्हणाली, "धरत नाही रे. बघते वाट."

म्हणजे एस्पेरारचा पहिला अर्थ. त्यात चुकणारा कुणी नाही. यादीही नाही, टिपणही नाही. आला नाहीस तर ती वाट बघत राहणार, एवढंच. अर्थात यातूनही दबाव येतो, मला तर अपेक्षेपेक्षा जास्त येतो. पण तो माझा मी घेतलेला असतो, तिने लादलेला नसतो. हा फरक खरा आहे की आईवरच्या मायेने मला दिसतो, हे मी अजून ठरवलेलं नाही.

सोलापुरात या सगळ्या क्रियापदांचा सराव नळावर होतो. पाणी उजनीचं, आणि नळाला काही दिवसांआड. आमच्या गल्लीत सकाळी ऐकायला येतं: 'आज पाणी यायचंय', 'येणार म्हणत होते', 'येईल की', 'यायलाच पाहिजे, चार दिवस झाले'. 'यायचंय' हा त्यातला सर्वांत लबाड प्रकार. कुणी ठरवलं ते त्यात येतच नाही. ब्राझीलमध्ये उशीर झालेल्या पार्सलबद्दल 'एरा पारा' म्हणतात, म्हणजे आपलं 'काल यायचं होतं'.

शेजारच्या काकू पहाटेच घागरी-बादल्या ओळीने मांडून उंबऱ्यात बसतात. परवा मी विचारलं, "काकू, येईल का आज?"

त्यांनी नळाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "यावं."