वसंतातल्या लीग आणि निष्ठेचा प्रश्न
अमेरिकन फुटबॉलच्या वसंत ऋतूतल्या पर्यायी लीगना प्रेक्षक टिकवता येत नाहीत, याचे मूळ निष्ठेच्या स्वरूपात आहे. २००१ मध्ये एक्सएफएल ही अशी लीग एका हंगामातच बंद पडली. २०१९ मध्ये एएएफ या दुसऱ्या लीगने तर हंगामही पुरा केला नाही. समाजशास्त्रज्ञ एमिल द्युरकेम यांच्या मते पावित्र्य वस्तूत नसते, समूहाच्या वारंवार एकत्र येण्यातून ते घडते. निष्ठेचेही तसेच: ग्रीन बेमध्ये पॅकर्स या जुन्या फुटबॉल संघाची सीझन तिकिटे आजोबांकडून नातवंडांकडे वारशाने जातात. काल जन्मलेल्या संघाकडे हा वारसा कुठून येणार? शिवाय लीग उद्या असेल याची खात्री नसली, की जीव लावायला माणूस कचरतो, आणि त्याच्या कचरण्यानेच लीग बुडते. सेंट लुइस मात्र वेगळे. २०१६ मध्ये आपला रॅम्स हा संघ लॉस एंजेलिसला गेल्याने पोरक्या झालेल्या या शहराने बॅटलहॉक्स या वसंतातल्या लीगच्या संघाच्या अनेक सामन्यांना ३०,००० हून अधिक गर्दी केली.