कर्जफेडीचा ग्रंथ आणि वाचलेली पाने

गीता सांगते तशी फळाची आसक्ती सोडलेल्याने हिशेब ठेवावा का? कोलकात्याच्या बागबाजारात रामकृष्ण संघाच्या ‘उद्बोधन’ मासिकाच्या कार्यालयाची वास्तू रामकृष्ण परमहंसांचे शिष्य स्वामी सारदानंद यांनी कर्ज काढून उभारली. 1909 मध्ये रामकृष्णांच्या पत्नी सारदादेवी तिथे राहायला आल्या. त्या कर्जाच्या निकडीतून सारदानंदांनी ‘श्रीरामकृष्ण लीलाप्रसंग’ हा रामकृष्णांचा चरित्रग्रंथ लिहायला घेतला. संन्याशाने देण्यापायी लिहिले आणि ग्रंथ प्रमाण ठरला! गीतेचा आक्षेप हव्यासाला आहे, मोजणीला नाही.

स्वतः ई-पुस्तक काढणाऱ्या लेखकापुढेही हाच प्रश्न असतो. ॲमेझॉनची वर्गणीवर पुस्तके वाचू देणारी सेवा किंडल अनलिमिटेड जुलै 2015 पासून लेखकाला वाचलेल्या पानांवर पैसे देते. एका वाचकाने वाचलेले पान एकदाच मोजले जाते. लेखकाने पुस्तकाची जाहिरात केली तर तिच्यावरचा क्लिक लगेच दिसतो, पाने मात्र कधी महिन्यांनी उलटतात. म्हणून रोजच्या आकड्यावरून जाहिरात थांबवणे हा हिशेब नव्हे, अधीरता होय.