बाण काढणारे प्रश्न



घरातल्या माणसाला कर्करोग असल्याचे निदान होते आणि डॉक्टर म्हणतात, "उपचार आताच ठरवता येणार नाहीत, अजून तपासण्या करायच्या आहेत." हे मधले दिवस कसे काढावेत? हा प्रश्न वैद्यकाचा आहे, तसाच नीतीचाही आहे. आज त्याच्या या दुसऱ्या बाजूचा विचार करू.

मज्झिम निकायातील चूळमालुंक्य सुत्तात भगवान बुद्धांनी विषारी बाण लागलेल्या माणसाचा दृष्टांत दिला आहे. आप्तेष्ट वैद्याला आणतात. पण जखमी माणूस म्हणतो, बाण मारणारा कोणत्या वर्णाचा, उंच की ठेंगू, धनुष्याची दोरी कशाची, हे कळल्याशिवाय बाण काढू देणार नाही. उत्तरे मिळण्याआधीच तो मरून जाईल. यावर कोणी म्हणेल, मग तपासण्या तरी कशाला? लगेच कापून टाका! पण दृष्टांताचा हा अर्थ नव्हे. बाण किती खोल गेला, कुठे रुतला, हे वैद्याला पाहावेच लागते. ज्या प्रश्नाने दुःख दूर होत नाही, त्यापायी जीव घालवू नका, एवढेच तथागतांचे सांगणे आहे.

माझी थोरली बहीण आज याच अवस्थेत आहे. छातीतल्या गाठीचा तुकडा तपासला आणि कर्करोग ठरला. आता हार्मोनची औषधे लागू पडतील का, हर-टू नावाचे प्रथिन वाढलेले आहे का, हे प्रयोगशाळेत पाहतात. रोग काखेत, फुप्फुसात, यकृतात वा हाडांत पसरला आहे का, हे स्कॅनवरून पाहतात. या उत्तरांवरूनच आधी शस्त्रक्रिया की आधी केमोथेरपी, हे ठरते. हे बाण काढणारे प्रश्न होत. त्यांच्यासाठी गेलेले थोडे दिवस सहसा वाया जात नाहीत. भीतीने महिनेच्या महिने टाळले, तर मात्र नुकसान होते.

पण भेटायला येणाऱ्या बायका निराळेच विचारतात : "कोणत्या जन्मीचं पाप म्हणायचं हे?" ताईही रात्री तेच विचारते. हा बाण मारणाऱ्याचा वर्ण विचारण्यासारखाच प्रश्न आहे. सगळे सुखदुःख पूर्वकर्मानेच येते काय, असे मोलिय सीवकाने विचारले, तेव्हा पित्त, कफ, वात, ऋतुबदल यांपासूनही वेदना होतात आणि सर्व काही पूर्वकर्माचे म्हणणारे चुकतात, असे भगवंतांनी सांगितल्याचे संयुत्त निकायात आहे. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनीही गतजन्मीच्या कर्माची ही कल्पना नाकारली. याच कल्पनेने आपल्या पूर्वजांना त्यांच्या दैन्याचे कारण त्यांच्याच माथी मारून गप्प बसवले होते. आज तीच आजारी बाईच्या उशाशी बसू द्यायची काय?

आणखी एक गोष्ट. पुष्कळ घरांत रिपोर्ट नवरा आणि मुलगा वाचतात, तिला मात्र "साधी गाठ आहे" म्हणून सांगतात. यात माया असते, हे खरे. पण देह तिचा आहे. औषधाचा त्रास तीच सोसणार. जिच्यापासून सत्य लपवले, तिची संमती कसली? हळू सांगा, तिला झेपेल तेवढे सांगा, पण खोटे सांगू नका.

मग या दिवसांत करावे काय? डॉक्टरांना विचारायचे प्रश्न वहीत लिहा. सगळे रिपोर्ट तारीखवार एका पिशवीत ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसतात का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. अंगारे-धुपारे आणि नवस यांत पैसा व वेळ घालवू नका. आणि तिच्याजवळ बसा. आजारी भिक्खूला आनंदासह स्वतःच्या हाताने धुऊन स्वच्छ करणाऱ्या बुद्धांनी त्याला आधी प्रवचन दिले नव्हते.

ताईचा पुढचा रिपोर्ट काय येईल, मला ठाऊक नाही. तो चांगलाच येईल, असा दिलासा मी तिला देत नाही. तो वाचताना ती एकटी नसेल, एवढे मात्र आपल्या हाती आहे. तेवढे आपण करू या.