पाण्याचा पहारा

मध्यरात्रीची वेळ, शहराबाहेरचे धरण, काठावर दिवे मालवून उभा असलेला टँकर आणि पहाटे नळाला पाणी येण्याआधी उरलेले चार तास. हेरकथांनी हा प्रसंग पुन्हा पुन्हा रंगवला आहे. २००५ च्या ‘बॅटमॅन बिगिन्स’मधली टोळीसुद्धा गॉथम शहर उद्ध्वस्त करण्यासाठी पाणीपुरवठ्यातच विष कालवते. ही कल्पना मनाला इतकी झोंबते, कारण भाजीवाला बदलता येतो, पण नळ बदलता येत नाही. हजारो अनोळखी हातांतून आलेले पाणी आपण रोज सकाळी निःशंकपणे पितो. नागरी जीवनातला हा सर्वांत मोठा विश्वास आहे आणि कथेतला खलनायक नेमका त्यावरच घाव घालतो.

प्रत्यक्षात धरण इतक्या सहज हाती लागत नाही. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी तुळशी अगदी छोटा, तरीही तो भरला की त्यात सुमारे ८०० कोटी लिटर पाणी असते. दहा हजार लिटरचा टँकर त्यात रिता केला तर आठ लाख भागांत एक भाग एवढेच त्याचे प्रमाण राहील. त्यापुढे गाळणी आणि क्लोरीन आहेतच. म्हणून धोका नाही असे मात्र मुळीच नाही. २००० साली ऑस्ट्रेलियातल्या मरूची भागात एका माणसाने रेडिओ संदेशांनी सांडपाण्याची यंत्रणा बिघडवली आणि सुमारे आठ लाख लिटर मैला उद्यानांत व ओढ्या-नद्यांत सोडला. तो परका हेर नव्हता. ती यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीत त्याने काम केले होते. २०१६ च्या फेब्रुवारीत हरियाणातल्या आंदोलनात मुनक कालव्याची नासधूस झाली, तेव्हा राजधानी दिल्लीच्या मोठ्या भागाचे नळ कोरडे पडले. कालवे, पंप आणि संगणक यांवर पहारा हवा, यात शंका नाही.

पण ‘शत्रूने पाण्यात विष घातले’ या गोष्टीचा इतिहास चाळला, की फार वेगळे रक्त दिसते. चौदाव्या शतकात युरोपात प्लेगने थैमान घातले, तेव्हा ज्यूंनी विहिरी नासवल्या अशी हाकाटी उठली. छळ करून कबुलीजबाब घेण्यात आले आणि ते गावोगाव धाडण्यात आले. ज्यूही प्लेगने मरतच आहेत, हे पोप सहावे क्लेमेंट यांनी १३४८ मध्ये स्पष्टपणे सांगितले. कोणी ऐकले नाही. १४ फेब्रुवारी १३४९ रोजी स्ट्रासबुर्गमध्ये शेकडो ज्यूंना जिवंत जाळले, आणि तेव्हा त्या शहरात प्लेग पोहोचलासुद्धा नव्हता.

जपानमध्ये १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपानंतर तोक्यो-योकोहामा परिसरात हेच घडले. कोरियन लोक विहिरींत विष टाकत आहेत, ही अफवा आगीच्या वेगाने पसरली. रस्त्यारस्त्यांवर टोळ्या उभ्या राहिल्या आणि हजारो कोरियन मारले गेले. त्या दिवसांत त्सुरुमी पोलिस ठाण्याचे प्रमुख ओकावा त्सुनेकिची यांनी सुमारे तीनशे कोरियनांना आसरा दिला. जमाव ‘विषारी’ पाणी घेऊन दारात आला तेव्हा त्यांनी ते सर्वांदेखत पिऊन दाखवले, असे सांगतात. मला या विषयावरच्या हेरकथेचा नायक हवा असेल तर मी त्यांनाच निवडेन. संशयाने पेटलेल्या गर्दीपुढे त्यांनी पुरावा ठेवला, आणि तोही स्वतःचा जीव तारण ठेवून.

शहरांना पाण्यातून खरोखर मरण आले ते कसे, हेही पाहिले पाहिजे. १९५५ च्या अखेरीस दिल्लीत यमुनेचे पात्र सरकले आणि नजफगढ नाल्याचे सांडपाणी वजिराबादच्या उपसा केंद्राकडे वळले. धोका लक्षात आल्यावर क्लोरीन वाढवले गेले, तरी विषाणू निसटलाच. सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. हा आजार हेपटायटिस ई या प्रकारचा होता, हे कळायला पुढे दोन दशकांहून अधिक काळ लागला. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकीत गाळणीतून क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी पार झाला आणि चार लाख लोक आजारी पडले. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुलेन बॅरी सिंड्रोम (जीबीएस) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले. काहींच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जिवाणू आढळला आणि नांदेड गावच्या विहिरीपासून खासगी आरओ केंद्रांपर्यंत सगळ्यांची तपासणी सुरू झाली. यांपैकी कुठेही दहशतवादी नव्हता. पाणी आणि मैला यांच्यातली भिंत झिजली होती, एवढेच.

ही भिंत राखणारी माणसे कादंबरीत येत नाहीत. गावातला जलसुरक्षक पाण्यात टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतो, शेवटच्या नळापाशी जाऊन क्लोरीनची ओटी (ऑर्थोटोलिडिन) चाचणी करतो आणि परीक्षानळीतले पाणी पिवळे झाले की क्लोरीन पोहोचल्याची खात्री करून घेतो. शहरात व्हॉल्व्ह फिरवणारा, गळती शोधणारा, प्रयोगशाळेत नमुने तपासणारा कर्मचारी हेच काम करतो. त्यांची पदे रिकामी ठेवायची, जलवाहिन्या जुनाट होऊ द्यायच्या आणि धरणावर मात्र बंदूकधारी उभे करायचे, ही सुरक्षा अर्धवट आहे.

म्हणून प्रत्येक प्रभागातल्या पाण्याच्या चाचण्यांचे निकाल लोकांना नियमित दिसले पाहिजेत. निकाल वाईट असेल तर तो लपवता कामा नये, कारण लपवलेल्या निकालाच्या जागी अफवाच वस्तीला येते. उद्या मोबाइलवर ‘अमक्या समाजाने टाकीत विष टाकले’ असा निरोप आला, तर तो पुढे धाडण्याआधी पाण्याचा अहवाल मागण्याची सवय आपल्याला लागली पाहिजे. ही सवय संकटाच्या दिवशी लागत नाही, ती आधीच अंगी मुरवावी लागते. पाणी तपासणारा समाज विषापासून वाचतोच, शिवाय शेजाऱ्याच्या रक्तापासूनही आपले हात दूर ठेवतो.