ग्रेड वन म्हणजे पहिला वर्ग नव्हे

पेढे ठेव तिकडे आणि तो कागद दाखव. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर आलंय आणि वर हसत सांगतोस, ‘बाई, ग्रेड वनच आहे!’ अरे, हा काय दहावीचा निकाल आहे? इथे वननंतर टू येतो आणि टूनंतर थ्री. यकृत दुखत नाही, खुपत नाही. तू गप्प बसवलेल्या मागच्या बाकावरच्या पोरासारखं ते निमूट सोसत राहतं.

‘मी तर दारूला शिवत नाही’ म्हणे. शाबासकी हवी आहे का? तुझ्यासारख्यांसाठीच तर डॉक्टरांनी 2023 साली या दुखण्याचं नाव बदललं. ‘दारूशिवायचं’ हा शब्द काढला आणि चयापचयाचा बिघाड हाच शब्द नावात घातला. आता ती सबब नावातसुद्धा उरलेली नाही.

सकाळी काय खातोस? ब्रेड. ‘पण मल्टिग्रेन.’ पाकीट उलटं करून वाचलंस कधी? जो घटक वजनाने जास्त तो आधी छापावा लागतो. पहिलं नाव मैद्याचं असलं, तर वर चिकटवलेले चार तीळ तुला वाचवणार आहेत होय? शंभर ग्रॅम मैद्यात चोथा तीन ग्रॅमसुद्धा नाही. ज्वारीत दहा. कणीक न चाळता मळली तर पोळीही मागे नाही, पण तुझ्या ताटात पोळी येते रविवारी, तीही आई आलेली असली तर.

आणि ज्वारीचं मला सांगू नकोस. मंगळवेढ्याचा तू! जिथल्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, तिथल्या शेतकऱ्याचा मुलगा. वडिलांनी मालदांडी ज्वारीचं पोतं एसटीत घालून पुण्याला पाठवलं, ते तुझ्या बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या मागे पडून राहिलं. सोंडे झाले तेव्हा तोंड उघडलंस त्याचं, आणि दिलंस वॉचमनला. तो शहाणा, निवडून दळून आणली त्याने. तू मात्र औषधाच्या दुकानातून फायबरची पावडर आणलीस, संत्र्याच्या चवीची! घरचा चोथा फुकट घालवायचा आणि डब्यातला विकत घ्यायचा, हे गणित मी तरी तुला शिकवलं नव्हतं.

पचनाचा धडा मात्र शिकवला होता. खिडकीबाहेर बघत होतास, म्हणून पुन्हा सांगते. चोथा आपल्याला पचत नाही, आणि हाच त्याचा गुण. त्याच्यामुळे साखर रक्तात सावकाश उतरते, पोट लवकर भरतं. पुढे मोठ्या आतड्यातले जिवाणू तो आंबवतात, त्यातून आखूड साखळीची मेदाम्लं तयार होतात. आतड्यातून निघालेलं रक्त आधी जातं ते यकृतातच. तिथे चांगलं पाठवायचं की गोडाचा लोंढा, हे तुझ्या हातात आहे. तू रोज चार मोसंब्यांचा रस पितोस. चारही मोसंब्यांची साखर पोटात आणि चोथा गाळणीत! त्या साखरेतलं फ्रुक्टोज जास्त झालं की यकृत त्याची चरबी करतं. सोलून एक मोसंबं खाताना दात दुखतात का तुझे?

हो, चोथा भरपूर खाणाऱ्यांत हा आजार कमी दिसतो. पण अशी माणसं बहुधा बाकीचंही नीट खातात, चालतात. म्हणून वडापावानंतर चमचाभर इसबगोल घेऊन सुटका होईल असं समजू नकोस. भाकरी मैद्याच्या जागी यायला हवी, मैद्याच्या जोडीला नव्हे. आणि वजन उतरायलाच हवं. तुझे 86 किलो आहेत ना? त्यातले सहा ते साडेआठ गेले, तर यकृतातली चरबी खरोखर कमी होते.

दिवसाला तीस ग्रॅम चोथा लागतो. दोन भाकऱ्या, वाटीभर मटकीची उसळ, बियांसकट एक पेरू, दोन्ही वेळा पालेभाजी, झालं की जवळपास! ते मोजायला ॲप कशाला? फक्त उद्यापासून एकदम ढीग खाऊ नकोस, पोट फुगेल आणि भाकरीच्या नावाने बोंब मारशील. हळूहळू वाढव, पाणी पी.

पुढच्या रविवारी ये. रिकाम्या हाताने, पेढे नकोत. आठवडाभर जे जे तोंडात घातलंस ते वहीत लिहून आण, रात्री अकराचा वेफर्सचा पुडासुद्धा. आणि तुझ्याच अक्षरात. आठवीत ताईकडून गृहपाठ लिहून घ्यायचास, ते मी विसरलेली नाही.