गरजेचे मोल

मध्यरात्री घरातील दिवे गेले की आपण वायरमनला बोलावतो. दहा मिनिटांत काम होते; मजुरी ऐकून मात्र आपण चमकतो. आपण मिनिटे मोजतो. त्याने त्या मजुरीत उमेदवारीची वर्षे, जाण्यायेण्याचा वेळ, हत्यारांची झीज आणि कामाविना गेलेले दिवसही धरलेले असतात.

मग न्याय्य दर कोणता? १३व्या शतकात संत थॉमस अ‍ॅक्विनास यांनी विक्रीसंबंधी एक भेद सांगितला: विकणाऱ्याने स्वतःचे नुकसान किमतीत धरावे, घेणाऱ्याची निकड धरू नये, कारण ती त्याच्या मालकीची नाही. सेवेलाही हीच कसोटी लागू पडते. मोडलेल्या झोपेचे मोल वायरमनने अवश्य घ्यावे. आपल्या काळोखाचे घेऊ नये.

आणि त्याची चूल थंड आहे हे ओळखून आपण घासाघीस केली, तर तोही परक्याच्या गरजेचा व्यापारच नव्हे काय?