तळं नसलेला लेक व्ह्यू रोड

वेस्ट मांबलमला कुणी सुंदर म्हटल्याचं मी लहानपणी ऐकलं नाही. मद्रास शहरात आमच्या भागाची ओळख दोन गोष्टींनी व्हायची, डास आणि हत्तीपाय. हत्तीरोगाचे जंतू रक्तात रात्री वर येतात, म्हणून तपासणी करणारी माणसं रात्री दार ठोठावत आणि आम्ही मुलं अर्धवट झोपेत बोट पुढे करत असू. रुळांच्या पूर्वेला टी. नगर होतं. तिथे रुंद रस्ते होते, पनगल पार्क होता, साड्यांची झगमगती दुकानं होती. पश्चिमेला आम्ही होतो. सिनेमाला जायचं, कपडे घ्यायचे, पाहुण्यांना काही दाखवायचं, तर रूळ ओलांडून जायचं. आमच्या बाजूला दाखवण्यासारखं काही नाही, हे घरात गृहीतच होतं.

1984 साली मी नोकरीसाठी पुण्याला गेलो आणि तिथलाच झालो. आमचं घराणं तंजावरी मराठी. व्यंकोजीराजांच्या मागून दक्षिणेत उतरलेल्या, 1855 साली तंजावरचं राज्य संपल्यावर कारकुनीच्या शोधात मद्रासला आलेल्या लोकांपैकी. पुण्यात माझं मराठी ऐकून लोक हसत. आमच्या क्रियापदांना तमिळ हेल होता आणि शब्दांत अडीच-तीनशे वर्षांपूर्वीची धूळ होती. मी ते मराठी पुसून काढलं. मांबलम म्हणजे आंबा का, असं कुणी विचारलं की आंब्याचा तमिळ शब्द वेगळा, त्यातला शेवटचा उच्चार तुम्हाला जमायचा नाही, एवढं सांगून मीही हसायचो. आपलं गाव विनोदापुरतं उरलं की माणूस ते गाव सोडून गेला असं समजावं.

गेल्या मार्गळीत, म्हणजे तमिळ मार्गशीर्षात, अम्माच्या वर्षश्राद्धाला गेलो होतो. आणखी एक काम होतं. लेक व्ह्यू रोडच्या आतल्या गल्लीतलं आमचं जुनं घर पाडून तिथे चार मजली इमारत उभी करायची, आम्हा भावंडांना त्यात एकेक फ्लॅट मिळायचा, असा करार एका बिल्डरशी ठरत आला होता. माझी सही राहिली होती. श्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला जाग आली. अक्का झोपली होती. चपला घालून बाहेर पडलो.

त्या पहाटे जे दिसलं ते मी बेचाळीसेक वर्षांपूर्वीही पाहिलंच असणार. दारोदारी बायका रस्ता झाडून, पाणी शिंपडून कोलम काढत होत्या. आधी ठिपके, मग त्यांना वळसे घालत जाणारी, कुठेही न तुटणारी रेषा. एका आजींनी कमरेतून वाकून, गुडघे जराही न मुडपता, तांदळाच्या पिठाची धार सोडली आणि पाच मिनिटांत दोन हात रुंदीची जाळी विणून उभ्या राहिल्या. एका दारात शेणाच्या गोळ्यावर भोपळ्याचं पिवळं फूल खोचलेलं होतं. दर्भाची जुडी स्कूटरला अडकवून एक शास्त्री कुठल्यातरी श्राद्धाला निघाले होते. कोपऱ्यावरची फुलवाली मोगऱ्याची माळ कोपरापासून बोटांपर्यंत मोजून देत होती. मोजमाप तिच्या अंगातच होतं, हात लांब असेल तर गिऱ्हाईक नशीबवान.

आर्य गौडा रोडवर अयोध्या मंडपमपाशी आलो आणि थबकलो. आत भजन चाललं होतं आणि जे म्हटलं जात होतं तो तुकोबांचा अभंग होता. म्हणणारे सगळे तमिळ. दाराजवळ बसलेल्या एका वृद्धांच्या हातातल्या पुस्तिकेत मी डोकावलो. अभंग तमिळ लिपीत छापलेला होता. त्या लिपीत क, ख, ग, घ या चौघांना मिळून एकच अक्षर आहे, म्हणून अक्षरांच्या डोक्यावर बारीक आकडे दिले होते, इथे दुसरा उच्चार करा, इथे चौथा. आकडे असूनही आजोबा 'विट्टला' असंच म्हणत होते, अगदी माझे आजोबा म्हणत तसं. ज्या उच्चारांची मला पुण्यात लाज वाटली होती, ते इथे कुणी कुणाची परवानगी न घेता, डोळे मिटून, विठ्ठलाला ऐकवत होतं. मला रडू आलं. वय झालं की रडू लवकर येतं हे खरं, पण एवढंच ते नव्हतं.

घरी परतलो तेव्हा मी भारावलेला होतो. अक्काने कॉफी दिली. मी तिला म्हणालो, "अक्का, हे घर पाडायला नको. किती सुंदर आहे आपला भाग! मागची विहीर, दोन माड, ही लाल फरशी. असं आता कुठे राहिलंय?"

ती काही वेळ बोलली नाही. मग आमच्या त्या जुन्या मराठीत म्हणाली, मी इथे ते सरळ करून लिहितो आहे, "तुला दिसतं. मला पुसावं लागतं."

2015 च्या डिसेंबरात चेन्नई बुडालं तेव्हा या लाल फरशीवर गुडघाभर पाणी होतं. विहिरीचं पाणी आणि गटाराचं पाणी एक झालं होतं. अक्काने चौऱ्याऐंशी वर्षांच्या अम्माला जेवणाच्या टेबलावर बसवून दोन रात्री काढल्या. तीन दिवस फोन लागत नव्हता आणि मी पुण्यात टीव्हीवर अड्यार नदी बघत होतो. अक्काने आजवर हा विषय काढला नव्हता. तेव्हाही फार काढला नाही. एवढंच म्हणाली, "माझे गुडघे गेले. मला लिफ्ट हवी, दुसरा मजला हवा."

मला राग आला हे कबूल करतो. सौंदर्याची काही कदर नाही हिला, असंही क्षणभर वाटलं. आणि त्या रागातून जो प्रश्न उभा राहिला तो अजून सुटलेला नाही. एखाद्या जागेचं सौंदर्य दिसलं, म्हणून त्या जागेबद्दल बोलायचा हक्क मिळतो का?

सौंदर्यशास्त्रात याचं एक प्रतिष्ठित उत्तर आहे. रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसे'मुळे मराठी वाचकाला ते ओळखीचं आहे. कांटने 1790 साली मांडलं की सौंदर्याचा आनंद हा हितसंबंधांपासून मुक्त असतो. राजवाडा सुंदर आहे का, असं विचारल्यावर कुणी म्हणेल की तो गरिबांच्या घामावर उभा आहे. ते खरं असेल, पण विचारलं ते हे नव्हतं. वस्तू मला हवी का, तिचा मला उपयोग काय, हे बाजूला ठेवल्याशिवाय ती सुंदर आहे की नाही हे ठरवता येत नाही. या हिशेबाने त्या पहाटे रास्त निवाडा माझाच होता. मला त्या घरात राहायचं नव्हतं, पंप लावायचा नव्हता, डास मारायचे नव्हते. अक्काचे तर गुडघेच पणाला लागलेले.

पण मी ज्या मातीवर उभा होतो तिथल्या काव्यशास्त्राने भूमीचा विचार वेगळा केला आहे. तोल्काप्पियम आणि संघम काव्याच्या परंपरेत पाच भूप्रदेश सांगितले आहेत, त्यांना तिणै म्हणतात. डोंगर म्हणजे मीलन, कुरणं आणि रान म्हणजे वाट पाहणं, समुद्रकाठ म्हणजे झुरणं, रखरखीत ओसाडी म्हणजे ताटातूट. तळी आणि भातखाचरांचा प्रदेश तो मरुदम. त्याचा भाव आहे ऊडल, म्हणजे रुसवा, बाहेर रमून घरी परतलेल्या पुरुषावर बाईने धरलेला. या कवींच्या लेखी निसर्ग आधी आणि माणसं त्यात नंतर आणून ठेवलेली, असं नाही. जमीन आणि तिच्यावर माणसं एकमेकांशी कशी वागतात, हे एकाच श्वासात सांगायचं. तटस्थपणे पाहायला तिथे रिकामी जागाच शिल्लक नसते.

मांबलम हे मुळात मरुदमच. दुपारी अक्काशी न बोलता मी स्टेशनवर गेलो आणि 2023 साली झालेल्या स्कायवॉकवर चढलो. मांबलम स्टेशनापासून टी. नगरच्या बसस्थानकापर्यंत तो अर्ध्या किलोमीटरहून थोडा अधिक जातो. खाली रंगनाथन स्ट्रीटची गर्दी वाहत होती. तमिळमध्ये गर्दीला 'कूट्टम' म्हणतात, पण इथली गर्दी पाण्यासारखी वाटते आणि तेही अगदीच चुकीचं नाही. शंभर वर्षांपूर्वी या पूर्वेकडच्या भागात खरोखर पाणी होतं. लाँग टँक नावाचा लांबच लांब तलाव नुंगंबाक्कमच्या बाजूने इकडे पसरला होता आणि साहेब लोक त्यात होड्यांच्या शर्यती लावत. 1920 साली मद्रासचा नगररचना कायदा आला आणि 1923 नंतर तलाव आटवून टी. नगर वसवलं गेलं. नुंगंबाक्कमकडच्या तलावाच्या जागेवर आज वळ्ळुवर कोट्टम आहे. आमच्या बाजूचा लेक व्ह्यू रोड तेवढा नावातून पाणी दाखवतो.

म्हणजे लहानपणी ज्या टी. नगरचा मला हेवा वाटायचा ते एका तलावाला पुरून उभं आहे. आणि आमचं घर? आजोबांनी ते बांधलं तेव्हा ही जमीन सखल आणि ओली होती, म्हणूनच तर डास. तेव्हा इथे खाचरं कसणारं कुणीतरी असेल. त्याला ही लाल फरशी बघून काय वाटलं असेल? ज्याला मी पिढीजात सौंदर्य म्हणून वाचवायला निघालो होतो, ते कुणाच्यातरी सौंदर्यावर चढवलेला पहिला मजला होतं.

इथून एक सोपी पळवाट निघते. सगळंच कशावर तरी बांधलेलं आहे, तर आणखी चार मजले चढवायला काय हरकत? ही वाट मला पटत नाही, कारण पाणी विसरत नाही. मोठा पाऊस झाला की ते जुन्या पत्त्यावर येतं आणि तिथे जो राहत असेल त्याच्या घरात शिरतं. बाहेरगावी गेलेल्यांच्या घरात शिरत नाही.

संध्याकाळी मी अक्काला म्हणालो, "सही करतो. पण एक अट घालू या. विहीर बुजवायची नाही. गच्चीचं पाणी तिच्यात सोडायचं आणि मागची जमीन फरशी न घालता उघडी ठेवायची." तमिळनाडूत 2003 पासून इमारतींना पाऊसपाणी जिरवणं सक्तीचं आहे, त्यामुळे बिल्डरला नाही म्हणता येणार नाही, असंही मी मोठ्या जाणतेपणाने सांगितलं.

अक्का आत गेली आणि नकाशा घेऊन आली. विहिरीभोवती पेन्सिलीने गोल केलेला होता. मागच्या बाजूला तिच्या अक्षरात तमिळमध्ये 'माती' असं लिहिलं होतं. पुढे, जिथे दोन गाड्या उभ्या राहणार होत्या, तिथे फाटकालगत चार फुटांची एक चौकट होती.

"ही कशाला?"

"कोलमला. तिथे गाडी लावायची नाही असं सांगितलंय त्यांना."

"मला बोलली नाहीस."

"तू विचारलंस कुठे?"

मी ज्याला माझा शोध समजत होतो त्यातलं काहीच हरवलेलं नव्हतं. ते रोज पहाटे कुणीतरी करत होतं आणि दुपारपर्यंत मुंग्या, पावलं, चाकं ते पुसून टाकत होती. परतून आलेल्या माणसाला सौंदर्य सापडतं, राहिलेल्या माणसाला ते करावं लागतं. म्हणून मी कांटला अगदीच चूक म्हणणार नाही. दूर गेलो नसतो तर ती पहाट मला तशी दिसलीच नसती, हे खरं आहे. पण त्या दिसण्याने माझ्या हाती हक्क आला नाही. आलं असेल तर देणं आलं, आणि ते फेडायचं तर आधी विचारावं लागतं की इथे काय काय चाललं आहे आणि त्यातलं काय मला उचलता येईल. चाळीस वर्षं उशिरा विचारलेल्या प्रश्नाला रुसव्याचं उत्तर मिळालं तर ते मुकाट ऐकावं लागतं. मरुदमची रीतच ती आहे. ज्याच्याशी नातं उरलेलं नाही त्याच्यावर कुणी रुसत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी फिरायला गेलो नाही. दारापुढचा रस्ता झाडला, बादलीने पाणी मारलं, त्यातलं बरंच माझ्याच पायांवर. गेली दोन वर्षं अक्काला वाकवत नाही. ती खुर्ची टाकून बसली आणि सांगत गेली, मी पिठाचे ठिपके देत गेलो. सात ठिपके, मग पाच, मग तीन. रेषा सुरू केली आणि तिसऱ्या वळशालाच ती तुटली. समोरच्या मामी दुधाची पिशवी घेऊन येत होत्या, थांबून बघत राहिल्या.

"पुस," अक्का म्हणाली, "आणि ठिपक्यांपासून परत सुरू कर."

कागदांवर सह्या दहा वाजता करायच्या होत्या. वेळ होता.